घोडनदीतलं शेत

माझं माहेर खुटबावचं. काळी जमीन, बांधावर बाभळी, आणि शेत आजोबांच्या काळात जिथं होतं तिथंच अजून असलेलं. त्यामुळे लग्न होऊन शिरूरला आले आणि सासरचं शेत घोडनदीच्या पात्रात आहे हे कळलं, तेव्हा मला हसूच आलं. ना बांध, ना विहीर. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या वाळूत कलिंगडं लावायची, चैत्र-वैशाखात बाजारात न्यायची, आणि आषाढाच्या तोंडाला नदीनं सगळं पोटात घालायचं. पुढच्या साली वाळू भलतीकडेच उघडी पडायची. असल्या शेताला शेत म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्या श्रावणात मला पहिली मुलगी झाली आणि जन्मतःच गेली. मी रडले नाही. रडू येईचना. आळीतल्या बाया येऊन बसायच्या. कुणी म्हणे, रड बाई, नाहीतर डोक्यात जाईल. कुणी म्हणे, वर्षाच्या आत पुन्हा पाळणा हलेल, विसर आता. एकीनं तर मला रडवायचं म्हणून बाळासाठी शिवलेलं अंगडं पुढ्यात आणून ठेवलं. मी त्याची घडी घातली आणि उठून पाणी भरायला गेले. त्या रात्री मला माझीच भीती वाटली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी त्या बायांना एवढंच सांगितलं, "रडू यायचं तवा यील. तिच्या मागं लागू नगा."

आत्याबाई म्हणजे संथपणाचा कळस. त्या भाकरी थापायला बसल्या की तवाच त्यांची वाट बघे. मी चटपटीत, हातासरशी काम उरकणारी. मला त्यांचा जाम कंटाळा यायचा. दिवाळी झाली तशा त्या रोज सकाळी मला नदीवर न्यायला लागल्या. जायचं, काठावर उभं राहायचं, पाहायचं आणि परत यायचं. वाळू तर ढळढळीत दिसत होती. शेजारच्या बागवानचाचांनी बियाणंही आणून दिलं होतं. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, पाणी वरून गेलंय, खालून अजून गेलं नाही. तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

मार्गशीर्षात एके सकाळी त्यांनी वाळूत पाऊल रोवलं, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आण कुदळ. आम्ही चर खणले, शेणखत घातलं, बी लावलं. पौषाच्या थंडीत कोवळ्या रोपांच्या उत्तर बाजूला गवताचे आडोसे उभे केले. वाळूत खड्डा खणला की पाणी झिरपून वर येई. त्या झिऱ्यातून घागर भरायची आणि एकेका वेलाला ओंजळीनं पाजायचं. घागर उपडी केली तर मुळं उघडी पडतात, हे मी दोन वेल मारून शिकले. त्यानंतर मात्र माझे हात आपोआप सावकाश झाले. कुठल्या वेलानं काल रात्रीत किती पाय पसरले ते मला कळायला लागलं. सकाळी जाग आली की आधी नदीची आठवण यायची, हेही एक दिवस ध्यानात आलं.

फाल्गुनात मात्र माझा जुना स्वभाव उसळला. एक कलिंगड चांगलं गरगरीत झालं होतं. देठाजवळचा ताणा, म्हणजे वेलाचा तो पिळदार तंतू, वाळल्याशिवाय फळ उतरवायचं नाही, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. मी हिरव्या ताण्यासकट ते तोडलं आणि मिरवत घरी आणलं. कापलं तर आत पांढरंफटक. नवरा म्हणाला, उतावळा नवरा ऐकला होता, आता उतावळी नवरीही पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाईंनी फोडी केल्या, लसूण-मिरचीची फोडणी दिली. रात्री सगळ्यांनी कच्च्या कलिंगडाची भाजी बोटं चाटून खाल्ली. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी त्यांना मानायला लागले होते.

चैत्र-वैशाखात बाजाराला आमच्या गाड्या गेल्या. ज्येष्ठ सरत आला. शिरूरवर आभाळ कोरडं होतं, पण वर घाटात पाऊस झाला आणि दुपारी नदी आली. येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फळं केव्हाच उतरवली होती. उरले होते ते पिवळे पडलेले वेल, गुरंही ज्यांना तोंड लावत नव्हती. आम्ही दोघी काठावर उभ्या राहिलो. गढूळ पाणी आधी झिऱ्यात उतरलं, मग चरांतून पसरलं. वेल जरासे वर उचलले गेले आणि ओढीला लागले. मी पाजलेला, मी आडोसा केलेला एकेक वेल जाताना मी पाहत होते, आणि शेवटचा चर पाण्याखाली गेला तेव्हा माझ्या तोंडून "माझी पोर" असे शब्द आले. मी तिथंच खाली बसले आणि हंबरडा फोडून रडले.

आत्याबाई शेजारी बसल्या. 'उगी' म्हणाल्या नाहीत, माझे डोळे पुसले नाहीत. बऱ्याच वेळानं मला लाज वाटली. दिवस कलला होता, घरी चूल पेटायची होती. मी पदर सावरून उठायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "माजीबी नात व्हती ती. माजं आजून व्हायचंय."