विस्तवाचा घास

सासूबाईंच्या पदराने गॅसवर पेट घेतला तेव्हा मी मागच्या अंगणात भांडी विसळत होते आणि माझा नवरा नुकताच शेतातून येऊन हातपाय धूत होता. म्हणून त्या वाचल्या. त्याने पाण्याची अख्खी बादली आईच्या अंगावर ओतली. मी धावत आत गेले तर सासूबाई ओल्याचिंब, एक कोपर भाजलेलं, आणि तशा अवस्थेत मला सांगताहेत, "अगं, दूध उतू जाईल. बंद कर ते आधी."

त्यांचे हात थरथरायला लागून बराच काळ झाला होता. कंपवात. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढतच जाणार हेही स्पष्ट सांगितलं होतं. ते आम्ही ऐकलं, त्यांनी नाही. चहाची बशी हातात खुळखुळली की म्हणायच्या, "बशीच हलकी हाय." मीठ सांडलं की मिठाच्या डब्याचं तोंड मोठं. खोट नेहमी भांड्यात. पण त्या दिवशी नवऱ्याने फर्मान काढलं, की मायनं आता गॅसजवळ फिरकायचं नाही.

त्या फिरकल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडणात आम्ही दोघी तरबेज होतो. त्या नुसत्या बाजेवर बसून राहिल्या, एका हाताने दुसरा हात मांडीत धरून. आणि जेवण तुटलं. रुसवा नाही, उपास नाही. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायच्या आणि बाजूला सारायच्या. "भूक न्हाई माय."

मला आधी राग आला. मी पहाटे उठून स्वयंपाक करून आमच्या साखऱ्याहून पुसेगावला शाळेत शिकवायला जाणार, दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करणार, आणि घरी येऊन बघावं तर झाकलेलं ताट जसंच्या तसं. "माझ्या हाताला चव नाही असं समजू का मी?" मी एकदा विचारलंच.

"चव हाय गं," त्या म्हणाल्या. "पण म्या कायबी केलं न्हाई. मंग खाऊ काहून?"

लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांनी या घराला रांधून घातलं होतं. मळणीच्या दिवसांत पंचवीस-तीस माणसांचं, तेही चुलीवर. मी आल्यावरसुद्धा वरणाच्या फोडणीला मला हात लावू दिला नव्हता. आता त्यांना आयतं जेवायची लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांना खात होती. चोळ्या अंगावर ढिल्या झाल्या. गळ्याची हाडं दिसायला लागली. मग माझा राग गेला आणि मला भीती वाटायला लागली. या बाईला स्वयंपाक दिला नाही तर ही जगणार नाही, एवढं मला कळून चुकलं.

म्हणून आमच्याकडे लाईटीचा कुकर आला. नवऱ्याने हिंगोलीच्या बाजारातून आणला. जाळ नाही, काडी ओढायची नाही, पदर पेटायची भीती नाही. आत भांडं, वर कुलपासारखं बसणारं झाकण, आणि पुढे बटणांची रांग. बटणांवर सगळं इंग्रजी. सासूबाईंना मराठीही वाचता येत नव्हतं. मी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातून दोन टिकल्या काढल्या, भाताच्या बटणावर लाल चिकटवली, डाळीच्या बटणावर हिरवी.

"टिकली दाबायची?" त्यांनी विचारलं.

"लाल दाबली की भात, हिरवी दाबली की वरण."

त्यांनी बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं. सासरे गेल्यापासून त्यांनी टिकलीला हात लावला नव्हता. "मी दाबू व्हय?" म्हणाल्या.

"आत्याबाई, कपाळाला लावायची नाही, बटण आहे ते," मी तोऱ्यात म्हटलं. थरथरतं बोट दोनदा बाजूला पडलं, तिसऱ्यांदा बरोबर बसलं, आणि कुकर पीं करून वाजला. त्या दचकल्या आणि किती महिन्यांनी हसल्या.

त्यानंतरचे काही महिने आमच्या घरात चांगले गेले. मी डाळ-तांदूळ धुऊन भांड्यात घालून ठेवायची आणि शाळेला निघायची. उन्हं चढली की त्या उठायच्या, मीठ-हळद आपल्या अंदाजाने टाकायच्या आणि टिकली दाबायच्या. याला शिट्टी नाही ही त्यांची मोठी तक्रार होती. "मुकं हाय बिचारं. शिजलं का न्हाई, कसं समजायचं?" मग त्या कुकरशेजारी पाट घेऊन बसायच्या, झाकणाला कान लावून. लाईट गेली तर येईपर्यंत तिथेच. पुढे पुढे त्यांनी त्यात ज्वारीच्या कण्याही शिजवल्या, आणि त्या इतक्या मऊ झाल्या की नवरा म्हणाला, "माय, चुलीवर बी अशा व्हत न्हवत्या." भाकरी मात्र त्यांच्या हातून गेली ती गेली. ती मी सकाळीच थापून ठेवायची. दुपारी नवरा शेतातून यायचा, त्या त्याला वाढायच्या, अर्धं ताटात, अर्धं खाली. आणि मग स्वतः जेवायच्या. पोटभर जेवायच्या. चोळ्या परत अंगासरशी बसल्या.

अधूनमधून घरात करपल्याचा वास यायचा. मी रविवारी दोनदा मागाहून कुकर उघडून बघितला, भात पांढराशुभ्र. शेजारी कुणाचं तरी दूध लागलं असेल म्हणून सोडून दिलं. रविवारीसुद्धा कुकर उघडायच्या वेळी त्या मला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायच्या, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मग एक दिवस कुकर सुरूच होईना. पुढच्या काचेवर दोन अक्षरं लुकलुकायची आणि बंद. आम्ही तो सेनगावला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आतलं भांडं उचललं आणि आम्हा दोघांकडे बघितलं. भांड्याच्या खाली, जिथे तापायची गोल तबकडी असते, तिथे काळ्या कोळशाचा थर बसला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर आत शितं होती. भाताची, कण्यांची, जळून खडे झालेली, आणि सगळ्यावर करपलेल्या तुपाचं पुट.

"उंदरानं नेऊन ठेवलं असंल," दुरुस्तीवाला म्हणाला. "मधला सेन्सर गेला हाय. बदलून देतो."

उंदीर तूप लावून भात ठेवत नाही. मला बघताक्षणी कळलं.

आमच्याकडे स्वयंपाक झाला की पहिला घास विस्तवाला द्यायची रीत. चार शितं, वर तुपाचं बोट, चुलीत टाकायची, आणि मग घरातल्या माणसांना वाढायचं. माझ्या माहेरी ती चुलीबरोबरच गेली. सासूबाईंनी गॅस आल्यावरही सोडली नव्हती. बर्नरवर शितं टाकायच्या आणि मी सुईने भोकं मोकळी करत त्यांच्या नावाने खडे फोडत बसायची. या कुकरात त्यांना जाळ दिसला नाही. पण शिजतंय म्हणजे विस्तव कुठेतरी असणारच. त्यांनी तो शोधून काढला होता. फडक्याने धरून, त्या थरथरत्या हातांनी तापलेलं भांडं रोज उचलायच्या, खाली घास ठेवायच्या आणि भांडं परत बसवायच्या.

घरी आल्यावर नवरा आधी हसला आणि मग भडकला. "माय, करंट बसला असता तर? मरायचंय का तुला?"

"आरं, त्याच्याकून रोज शिजवून घेऊन राहिलो आपुन," त्या म्हणाल्या. "त्याला उपाशी ठेवून मी कशी जेवू?"

दुरुस्त झालेला कुकर नवरा पिशवीतून काढायलाच तयार होईना, आणि त्या बाजेवर जाऊन बसल्या, हात मांडीत धरून, पूर्वीसारख्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळीही नाहीत.

शेवटी मीच उठले. कुकर लावला, त्यांना हाताला धरून टिकलीपाशी आणलं. भात झाल्यावर गॅस पेटवला, त्यांचा पदर माझ्या डाव्या हातात घट्ट गुंडाळला, आणि उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "द्या," म्हटलं. "गॅस आहे, पण विस्तवच आहे." ती थरथर माझ्या खांद्यापर्यंत चढली. बाहेरून बघताना वाटायचं हात नुसता हलतोय, पण धरल्यावर कळलं की आत केवढी ओढाताण चालते ती. ही बाई दिवसभर हे सोसत होती आणि म्हणत होती बशी हलकी आहे. शितं जाळावर पडली, चर्र झालं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बराबर." मग जेवायला बसल्या.

तेव्हापासून कुकर मी शाळेला निघायच्या आधी लागायचा. माझा या रीतीवर विश्वास आहे की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. पण त्या मनगटाची मला सवय झाली. आम्ही दोघी वर्षानुवर्षं त्याच ओट्यापाशी एकमेकींना टाळून उभ्या राहिलो होतो, आणि आता रोज सकाळी मी त्यांना धरून उभी असायची. मला त्यांची माया लागली होती. इतक्या उशिरा लागली याचं अजून वाईट वाटतं.

आजार थांबला नाही. आधी पाय गेले. मग नवरा त्यांना बाजेवरून दोन्ही हातांवर उचलून ओट्यापाशी आणायचा, ज्याने गॅसजवळ जायला बंदी केली तोच. त्यांनी शितं टाकली की तसाच परत नेऊन ठेवायचा आणि शेताकडे निघून जायचा. मग त्यांचं गिळणं मंदावलं. हे होणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, तरी ते झालं तेव्हा मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. मी कण्या पाणी वाढवून पेजेसारख्या पातळ शिजवायची. त्या चमचाभर तोंडात धरायच्या आणि बराच वेळ त्याचं काय करायचं ते त्यांना उमगायचं नाही. भूक होती. डोळ्यांत दिसायची. आता त्यांना खायचं होतं, आणि घसा खाऊ देत नव्हता.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या दिवसापासून पोटात काही गेलं नव्हतं. पाण्याचा चमचासुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचा. मी शाळेतून आले तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी डोळ्यांनीच ओट्याकडे दाखवलं. मी भात लावला, टिकलीवर त्यांचं बोट मी माझ्या बोटाने दाबलं. झाल्यावर नवऱ्याने त्यांना उचलून आणलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून शितं त्यांच्या तळव्यावर ठेवून मी हात जाळावर कलता केला.

"घेतलं?" त्यांनी विचारलं. शब्द ओला आणि तुटका आला.

"घेतलं, आत्याबाई."

"मंग जेव तू. दमून आलीस."

मी म्हटलं, जेवते नंतर. त्यांनी नको म्हणून मान हलवली. "माझ्या म्होरं."

नवऱ्याने त्यांना बाजेवर भिंतीला टेकवून बसवलं. मी त्यांच्यासमोर ताट घेतलं. वरण-भात कालवला आणि घास घेतला. तो खाली उतरेना, तरी उतरवला. त्या एकटक बघत होत्या. मी चावायला लागले की त्यांचा जबडाही हळूहळू हलायचा, आणि मी गिळलं की त्या डोळे मिटायच्या. ताट संपलं तेव्हा त्यांनी डोळ्यांनी कुकरकडे खूण केली. मी उठले आणि परत भात वाढून घेतला.