सुईताईंचे चार टायर

रक्ततपासणीला येणारी पोरंसोरं तिला सुईताई म्हणत. शीर कितीही लपलेली असो, तिच्या बोटाला ती सापडायचीच, आणि सुई धरलेला हात कधी हलायचा नाही. तोच हात गाडीच्या स्टेअरिंगवर पडला की मात्र लटपटू लागे. गाडी शिकली तीच मुळी पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही काही हौस म्हणून नाही. नवऱ्याने उभा जन्म बस चालवली. निवृत्त झाला आणि डोळे अधू झाले. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं धूसर. तेव्हा किल्ली हिच्याकडे आली, आणि किल्लीबरोबर काळजीही.

डोंगरापलीकडच्या गावात लेक बाळंत झाली होती. रविवारी तिच्याकडे निघायचं ठरलं. दोन दिवस आधी गाडी पुसताना सुईताईला टायरच्या बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसल्या, वाळलेल्या चिखलाला पडतात तशा.

"अहो, टायर बदलायला हवेत."

तो चाकापाशी उकिडवा बसला आणि अंगठ्याने नक्षी चाचपू लागला. "नख बुडतंय की अजून! वर्षभर सहज ओढतील. तुला आपली साप साप म्हणून भुई धोपटायची सवय."

"अहो, भेगा पडल्यात."

"माझ्या हाताला तर लागत नाहीत."

'तुम्हाला दिसत नाहीत' हे शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. ते दिवसभर तिच्या ओठांवर येत आणि परत फिरत राहिले. कामावर तिने एका आजोबांना तीनदा नाव विचारलं, आणि भलत्याच नळीवर त्यांची चिठ्ठी लावता लावता ती थोडक्यात सावरली. तेव्हा मात्र तिने ठरवून टाकलं.

शनिवारी ती त्याला घेऊनच टायरच्या दुकानात गेली. न्यावं तरी पंचाईत, न न्यावं तरी पंचाईत. दुकानदार बोलायला गोड, पण बोलायचा सगळं नवऱ्याशीच.

"काका, पुढचे दोन बदला. मागचे राहू द्या."

"तेच म्हणतो मी," नवरा खुलला.

"चारही बदला," सुईताई म्हणाली.

"अगं, पण—"

"चारही. मागच्यांनाही तशाच भेगा आहेत. मी पाहिल्यात." शेवटचे दोन शब्द निसटले, आणि नवऱ्याचा चेहरा उतरला. तिला चोरट्यासारखं झालं. पण आता माघार नव्हती.

दुकानदाराने वरच्या फळीवरून एक जोडी काढली. ती बनल्याचं साल सुईताईने बाजूच्या आकड्यांवरून वाचलं. "हे तर पाच वर्षांपूर्वीचे आहेत."

"वापरलेत कुठे, काकू? कोरे करकरीत आहेत!"

"रबराला वय असतंच ना?" मुदत संपलेली रसायनं ती रोज बाजूला काढत असे. ही जोडीही तिने बाजूला ठेवायला लावली.

शेवटी दोन प्रकार उरले, दोन्ही ताजे. तिची मती गुंग झाली. चुकीचा घेतला आणि उतारावर गाडी घसरली तर? ती नवऱ्याकडे वळली. "ओल्या रस्त्याला कुठला धरून राहील?"

"आता मला कशाला विचारतेस?"

"उभा जन्म बस तुम्ही चालवलीत की मी?"

तो घुटमळला. मग दोन्ही टायरांवरून सावकाश हात फिरवला. "हा घे. खाचा रुंद आहेत, पाणी बाहेर फेकेल."

"सुरुवातीला जरा जपून, काकू," पैसे घेता घेता दुकानदार म्हणाला. "नवं रबर घसरतं थोडं." झालं! तिच्या जिवाला नवा घोर लागला.

रविवारी डोंगरात रस्ता धुक्याने ओला होता. प्रत्येक वळणावर तिला दुकानदाराचे शब्द आठवत. नवरा शेजारी मान ताठ करून बसला होता. ती ब्रेक दाबण्याआधीच त्याचा पाय खालचा पत्रा दाबायचा. आणि एका उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. सुईताईने होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी किंचित डोलली, सरळ रेषेत पुढे गेली आणि थांबली.

"थांबली?" नवऱ्याने विचारलं.

"थांबली."

"ट्रक किती लांब आहे?"

ट्रकच्या मागच्या फळीवरचा चिखलाचा थेंब न् थेंब तिला दिसत होता. "बराच लांब आहे," ती म्हणाली.

त्याने चाचपडत तिच्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात थरथरत होता. "बरं झालं चारही घेतलेस," तो म्हणाला. "आता घाई करू नकोस. जाऊ दे त्याला पुढे."