दोन भोकांचं आजारपण

जेवून उठताना उजव्या गुडघ्यात कट्ट झालं आणि पाय अर्धवट वाकलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटलीय. दुर्बिणीतून बघू आणि त्याच वेळी फाटका तुकडा काढून टाकू. मी एवढंच विचारलं, "पुन्हा मांडी घालून बसता येईल ना?"

घरी आई होती. वडील गेल्यापासून समोर कुणी मांडी घालून बसल्याशिवाय तिला घास जात नसे. मी खुर्चीवर जेवू लागलो, तशी तिच्या ताटात अर्धी भाकरी उरू लागली होती.

ऑपरेशन तासाभरात उरकलं. दोन भोकं, ज्वारीच्या दाण्याएवढी. संध्याकाळी मला चालवलंसुद्धा. रोज गुडघा वाकवा, नाहीतर आखडेल, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं. मीही तीनदा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो, तर अक्कलकोटची मावशी एसटीत उभ्यानं शहाळी घेऊन आलेली. माझ्या गुडघ्यावरच्या दोन चिकटपट्ट्या बघून तिचा चेहराच पडला.

"एवढंच व्हय? मला वाटलं लई मोटं हाय."

आईला ते फार लागलं. मावशीची पाठ फिरताच तिनं माझ्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत बँडेज गुंडाळलं आणि खाली दोन उश्या दिल्या. "लोकं लांबनं येत्यात. पेशंट पेशंटावानी दिसाय नको व्हय?"

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ऑफिसातल्या ज्या साहेबांनी वीस वर्षांत मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं, ते स्वतः माझ्या उशाशी बसून गेले. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट यायचे, तेव्हा घरात पाहुणे असायचेच. पाहुण्यांदेखत पाय वाकवला तर सगळंच मुसळ केरात! मग आई फिजिओथेरपिस्टना चहा द्यायची, शेंगाचटणीची पुडी द्यायची आणि म्हणायची, "उद्या या की." चौथ्या दिवसापासून त्यांनी येणं सोडलं. मी मात्र महिनाभर मोठ्या निष्ठेनं आजारी राहिलो.

बँडेज सुटलं. दुर्बिणीचं काम चोख झालं होतं, दुखणं गेलं होतं. फक्त गुडघा वाकता वाकता एका जागी अडायचा, मांडी घालता येण्याच्या बराच अलीकडे. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम केलात ना?" मी चौथ्यांदा मान हलवली.

घरी येऊन दुपारी खाली बसायला गेलो आणि अर्ध्यातच थांबलो. आई ताटापुढे बसून बघत होती. ती भिंतीला धरून उठली, आपलं ताट टेबलावर ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा जेवायला खुर्चीवर बसली. तिचे पाय फरशीला टेकत नव्हते.

"बँडेज म्याच गुंडाळलं की," ती म्हणाली. "जेव आता."

मला माझी लाज वाटली. तिनं त्या दिवशी अख्खी भाकरी संपवली. घास जाईना तो मला.