'नथिंग'च्या पुढचे शब्द

"सुमनबाई, माझी बैलं तुमच्या त्या मशीनमधी हायत का न्हाईत, तेवढं सांगा."

कौसाबाई ऑफिसच्या उंबऱ्यात उभी होती. आत या म्हटलं तरी आली नाही. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि फाइल उघडून दाखवली. पहिल्याच ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव, लिंबाजी. पुढे बैल दोन, त्यांचा रंग, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर.

"हे बघा. हायत की."

"मंग चारा कावून येईना?"

"तालुक्याला अडकलं असंल. अण्णा म्हणले, येईल."

तिला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी हायत म्हणता म्हंजी हायत," म्हणाली आणि गेली. नावं भरल्यापासूनचा तो आठवा दिवस होता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आमच्या दूध संस्थेचं संकलन आटत आटत बंद पडलं आणि संस्थेनं गायरानावर चारा छावणी घेतली. मी संस्थेत दुधाची नोंद करायची. शिक्षण चौथी. अक्षर नीट आणि कुणाच्या तोंडी न लागणारी, एवढ्यावर सचिव देवराव अण्णांनी मला ठेवलेलं. आता दुधाच्या जागी जनावरं आली. कुणाची किती, कोणत्या बिल्ल्याची, आज कोणतं आलं, कोणतं गेलं. ती यादी रोज तालुक्याला संघाच्या ऑफिसात जायची आणि तिकडून यादीपुरताच चारा यायचा. बहुतेक ऊसच. यादीत नाही त्या जनावराला पेंढी नाही. हा नियम सगळ्यांना माहीत होता.

आधी यादी पेन ड्राइव्हमधून जायची. एकदा त्यातली निम्मी नावं पुसली गेली. कुणी पुसली ते कळेना. छावणीत हाणामारीच व्हायची राहिली. अण्णांची पुतणी शिल्पा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असते. ती सुट्टीला आली होती. तिनं लॅपटॉपवर गिट नावाचं एक साधन टाकून दिलं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, आणि आपण हुकूम टाइप करायचा.

"मावशी, यात कुणी, कधी, काय बदललं ते राहतं. खोडलं तरी खोडलेलं दिसतं."

मी म्हणाले, "ताई, मला इंग्रजी येत नाही." चौथीपर्यंत आम्हाला इंग्रजी नव्हतंच.

"मग दुधाचं समजा. केंद्रावर कॅन आला की तुम्ही तो रांगेत घेता. ते झालं अॅड. मोजून पावती फाडता, ते कमिट. कॅन गाडीत चढवता, ते पुश. पावतीवर दोन शब्द लिहायचे, आज काय बदललं. मराठीत लिहिलं तरी चालतं."

हे मला पटकन समजलं. रोजच्या फाइली ठरलेल्याच होत्या, म्हणून तिनं मला एक सोपा हुकूम दिला. त्यात रांग आणि पावती एकदम होत होती. जाताना म्हणाली, "कधी नवीन फाइल केली तर मात्र मला फोन करा. तिला पहिल्यांदा हातानं रांगेत घ्यावं लागतं." मी मान हलवली.

सगळे हुकूम एका चिठ्ठीवर लिहून तिनं लॅपटॉपच्या कडेला चिकटवले. शेवटचा हुकूम स्टेटस. म्हणजे सगळं नीट गेलं का ते मशीनला विचारायचं. शेवटची ओळ 'नथिंग' या शब्दानं सुरू झाली की काही राहिलेलं नाही. मला तो शब्द वाचता येत नव्हता, पण ओळखता येत होता. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसा.

दोन महिने एकही चूक झाली नाही. खरं सांगते, मला ते काम फार आवडलं होतं. तोंडानं जे कधी बोलले नाही ते मी पावतीवर लिहायची. 'बाबूरावची म्हैस व्याली, रेडी आहे.' 'आज दोन शेळ्या परत, मालकिणीला करमेना.' शिल्पा पुण्यात बसून वाचायची आणि मला हसरं तोंड पाठवायची.

मग कारखाना लवकर बंद झाला आणि ऊसतोडीला गेलेली माणसं परतू लागली. चकलांब्याच्या वाटेवरच्या वस्तीवरची चार घरं आली. कौसाबाईचं घर त्यातलंच. बाकीच्या तिघांकडे थोडाफार कडबा होता. लिंबाजीकडे दोन बैल आणि ऊस ओढायची टायरगाडी, बास. त्या बैलांच्या जिवावरच त्यांना दर हंगामाला गाडीची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, मिळायची.

अण्णा म्हणाले, "सुमन, उशिरा आलेल्यांची यादी येगळी ठेव."

मी नवीन फाइल केली. नावं भरली. नेहमीचा हुकूम टाकला, पुश केलं, स्टेटस विचारलं. वर एक ओळ लाल अक्षरांत राहिली. शेवटची ओळ 'नथिंग'नं सुरू झाली, पण रोजच्यापेक्षा लांब होती.

ती लांब आहे हे मला दिसलं. हे मी आज कबूल करते. पहिल्या दिवशीच दिसलं होतं. शिल्पाचं जातानाचं बोलणंही आठवत होतं. पण सुरुवात तर बरोबर आहे, असं मी मनाशी म्हटलं. एवढ्यासाठी पुण्याला कशाला फोन करायचा? तिला वाटेल, इतकं शिकवलं तरी बाईच्या डोक्यात गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी फोन लावला.

"बोला मावशी. पटकन बोला हं, मीटिंगमध्ये आहे."

"काही नाही. सहज केलता."

"बरं, मी करते नंतर."

नंतर तिचं राहून गेलं. आणि मला बरं वाटलं, की राहिलं.

पाचव्या दिवशी अण्णांनी विचारलं, "लिंबाजीचं नाव टाकलंस का?"

"टाकलंय, अण्णा."

अण्णांनी माझ्यासमोर तालुक्याला फोन लावला. तिकडचा माणूस यादीत नाव नाही म्हणत होता. अण्णा ओरडले, "झोपा काढता काय बे तिथं? आमची सुमन रोज पाठवती. चौथी शिकलेली हाय, पण तिची चूक होत न्हाई!"

त्यानंतर तर मला तोंड उघडणं अवघडच झालं.

इकडे कौसाबाई सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या दावणीतली चिपाडं झाडून आपल्या बैलांपुढं टाकत होती. हंगामभर ज्यांनी ऊस ओढला त्यांच्या तोंडी उसाची चिपाडं. मी रोज जाता-येता बघत होते. बरगड्या वर आल्या होत्या. रोज ऑफिसात जाऊन मी तोच हुकूम टाकत होते, तीच लांब ओळ बघत होते.

आठव्या दिवशी ती उंबऱ्यात आली ते वर लिहिलंच आहे.

नवव्या दिवशी दुपारी अण्णा आत आले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "लिंबाजीनं बैलं बाजारात नेलती. इकली. आत्ता मोकळा कासरा घेऊन आला बघ."

अण्णा बाहेर गेल्यावर मी शिल्पाला फोन लावला. या वेळी सहज म्हणाले नाही, बैल विकल्याचं सांगितलं. लांब ओळीतले 'नथिंग'च्या पुढचे शब्द एकेक अक्षर करून वाचून दाखवले. एबीसीडी मला आता येत होती. यू, एन, टी, आर, ए...

ती मध्येच थांबवून म्हणाली, "मावशी, हे कधीपासून येतंय?"

"नऊ दिवस."

तिनं मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग समजावून सांगितलं. 'नथिंग टू कमिट' म्हणजे काही राहिलं नाही. 'नथिंग अॅडेड टू कमिट, बट अनट्रॅक्ड फाइल्स प्रेझेंट' म्हणजे रांगेत काही घेतलेलं नाही, पण अशी एक फाइल पडून आहे जिची मशीनला ओळखच नाही. सोप्या हुकमाला फक्त ओळखीच्या फाइली कळतात. कॅन नऊ दिवस आवारातच उभा होता. मशीन रोज लाल अक्षरांत तेच सांगत होतं.

"आता अॅड करा. आणि बैल विकलेत ना, तर ती ओळ आधी खोडा आणि एकदाच कमिट करा. काम एका फेरीत होईल."

"नाही ताई," मी म्हणाले. "आधी बैलांसकट. मग खोडून पुन्हा."

"का? शेवटी यादी तीच होणार."

"आधीच खोडली तर ते आले होते हे कुठंच दिसणार नाही."

तिनं वाद घातला नाही. मी दोन पावत्या फाडल्या. पहिलीवर लिहिलं, 'लिंबाजी-कौसाबाईचे दोन बैल आले. नऊ दिवस माझ्याकडून राहिले.' दुसरीवर लिहिलं, 'दोन्ही बैल गेले.' मग पुश केलं. बाकीच्या तीन घरांचा चारा दुसऱ्याच दिवशी आला.

अण्णांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग मी वस्तीवर गेले. कौसाबाई रिकामी दावण झाडत होती. मी तिला कॅनचं सगळं सांगितलं, पुण्याला न विचारलेलंही.

"म्हंजी भायेरच ऱ्हायला म्हणा," ती म्हणाली. खराटा थांबवला नाही. "मी तुमच्या दारात इचाराया आले. लाज वाटत हुती, तरी आले. तुमाला एक फोन करून इचारता आलं न्हाई व्हय?"

पुढच्या हंगामाला ते गाडीशिवाय गेले, मोळ्या डोक्यावर वाहायला.

आता चिठ्ठीवर मी दोन्ही ओळी पूर्ण लिहून ठेवल्या आहेत, खाली मराठीत अर्थासह. नवीन बाई कामाला आली की तिला आधी त्या वाचायला लावते, आणि समजलं नाही तर मीटिंग चालू असली तरी विचार, असं सांगते.

जुनी नोंद अजून निघते. दोन्ही पावत्यांवर माझं नाव आहे आणि वेळ आहे. त्या वेळांप्रमाणे बघितलं तर कौसाबाईचे बैल आमच्या छावणीत तीन मिनिटं होते.