सुहासचा ट्रॅक्टर आणि गेटपासून घरापर्यंतची वाट

सुहास गेला. आज सकाळी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर.

आणि तो घरी पोचला तो एका खटारा गार्डन ट्रॅक्टरमुळे. हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहितेय.

ज्यांची त्याच्याशी ओळख नव्हती त्यांच्यासाठी थोडं: मॉसन लेक्सला यूनीत शिकत असताना आम्ही एकाच भाड्याच्या घरात राहायचो. मी नंतर नोकरीसाठी कॅनबेराला, गुंगालिनला आले. हा शहाणा मंजिरीशी लग्न करून जिंदाबाईनच्या वर डोंगरात जाऊन राहिला.

"पुण्याचा माणूस तू, बर्फात काय करणार?" मी विचारलं होतं.

"बर्फ काढणार," म्हणाला.

आणि खरंच काढायचा. त्याच्या गेटपासून घरापर्यंत लांब चढण आहे. काउन्सिलवाले मोठा रस्ता साफ करतात, गेटच्या आतलं आपलं आपण बघायचं. त्यासाठी त्याने एक सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला होता. बागेतलं गवत कापायला असतो तेवढासाच, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला.

दर दसऱ्याला त्या ट्रॅक्टरची साग्रसंगीत पूजा व्हायची. इथे ऑक्टोबरात झेंडू कुठला, म्हणून डॅफोडिलचा हार. हळद, कुंकू, आणि ओंजळभर अक्षता.

"अरे, तांदूळ टाकू नकोस. शेडमध्ये उंदीर होतील," मंजिरी दर वर्षी सांगायची.

"आपल्या लग्नात चालले, मग याला का नको? राबतो बिचारा."

गेल्या दसऱ्याची पूजा झाली आणि थोड्याच दिवसांत त्याला धाप लागायला लागली. फुफ्फुसं. त्यानंतरचे दिवस बहुतेक कॅनबेरातल्या हॉस्पिटलमध्येच गेले. ट्रॅक्टरला कोणी हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मंजिरीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्यायचं असेल तर उद्याच न्या. नंतरचं सांगता येत नाही.

त्याला घरीच जायचं होतं. बाकी काही मागतच नव्हता.

आणि नेमका तेव्हाच बर्फ पडला. वाट गुडघाभर बुजली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला मंजिरीला फोनवर म्हणाला, "दारापर्यंत गाडी गेली तर नो वरीज. नाही गेली तर सॉरी, परत आणावं लागेल." ऑक्सिजन लावलेला माणूस स्ट्रेचरवरून त्या चढणीवर कोण नेणार? त्याचंही बरोबर होतं.

बर्फ काढणाऱ्या कोणाला वेळ नव्हता. मंजिरी सुहासजवळ. मग उजाडताच मी गुंगालिनहून निघाले.

मला स्प्रेडशीट येते. इंजिन येत नाही.

गेटलगतच्या शेडमधल्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली होती. माझ्या कारच्या बॅटरीला जोडून त्याला चालू केलं. झाला चालू, पण कसला. काळा धूर, मध्येच उसळी, मध्येच मान टाकायचा. पातं बर्फाला टेकलं की बंद.

जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. व्हिडिओ बघून प्लग काढला, पुसला, परत लावला. तेच. मी तिथे शेडमध्ये उभी राहून त्या यंत्राला पुणेरी शिव्या दिल्या. देवालाही दिल्या.

शेवटी मंजिरीला फोन केला. तिने फोन स्पीकरवर टाकून सुहासच्या हातात दिला.

"प्राचे, फोन इंजिनजवळ धर." एवढ्या वाक्यात तो दोनदा थांबला.

धरला.

"आता चोक ओढ, हवा कमी होईल. सुधारतंय की बिघडतंय?"

"बिघडतंय. बंदच पडलं."

"म्हणजे पेट्रोल पोचतंय. हवा मिळत नाहीये त्याला." मग जरा दम घेऊन म्हणाला, "मला विचार."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. काय उघडू ते सांग."

"बाजूला काळा डबा आहे बघ. एअर फिल्टर."

उघडला. आत उंदराचा संसार. हाराचा दोरा, कुरतडलेला कापूस, वाळक्या पाकळ्या, आणि मधोमध कुंकू लागलेले तांदूळ.

मी सांगितलं. पलीकडून मंजिरी म्हणाली, "मी सांगत होते ना रे."

आणि तो हसला. खोकला, धापा टाकल्या, परत हसला. मंजिरी म्हणते, कित्येक दिवसांनी हसला.

डबा साफ केला, फिल्टर झटकून बसवला. इंजिन एका सुरात चालायला लागलं. त्याला फोनवर ऐकवलं.

"हां," तो म्हणाला. "आता जा. पातं जरा तिरकं ठेव."

आयुष्यात पहिल्यांदा बर्फ काढला. कुंपणाचा एक खांब आडवा केला, पण वाट केली. त्याच दुपारी अ‍ॅम्ब्युलन्स थेट दाराशी आली. स्ट्रेचर उतरवताना साहेबांनी आधी तो खांब बघितला, मग मला.

"तिरकं म्हणालो होतो."

मी एवढी खूश झाले होते की तिथेच रडले.

खिडकीशी पलंग लावला. मंजिरीच्या हातचा वरणभात त्याने दोन घास खाल्ला. तिचा हात धरून डोंगर बघत बसायचा. थोडेच दिवस मिळाले, पण घरचे मिळाले. आज सकाळीही हात तिच्याच हातात होता.

मला फार राग आलाय. हे काय वय असतं जायचं?

आज परत बर्फ पडलाय. दुपारी त्याला न्यायला गाडी येईल. तीही दारापर्यंत यायला हवी, म्हणून शेडमध्ये आलेय.

ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीला चालू झाला. धूर नाही, खोकला नाही.

आज नसता झाला तरी चाललं असतं रे.

निघते. वाट करून देते तुला.

सुहास, सावकाश जा.