आटलेल्या गाईचा चारा

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात हिरवं गवत दुभत्या म्हशीला आणि आटलेल्या गाईला नुसती धानाची वाळकी तणीस, हा नियमच होता. गाय गाभण असली तरी.

त्या वर्षी आमच्या गाईचं वासरू जन्मल्यावर दहाव्या दिवशी बसलं ते उठेना.

"पाय धरले असतीन. बसू नको देऊ, चालव त्याले," बाबा म्हणाले.

मी तेल चोळून, उचलून उभं करून त्याला अंगणभर चालवलं. तिसऱ्या दिवशी चालता चालताच ते कोसळलं आणि गेलं.

भंडाऱ्याहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याची मांडी उघडून दाखवली. मांस उकडलेल्या मासोळीसारखं पांढरं पडलं होतं.

"दुधातून प्रथिनं मिळत होती, पण ई जीवनसत्त्वाशिवाय स्नायू टिकत नाहीत. ते हिरव्या चाऱ्यात असतं. गाईलाच मिळालं नाही, तर वासराला कुठून? आणि अशाला चालवायचं नसतं."

चालवलं ते बाबांच्या सांगण्यावरून, अशी मी आजही स्वतःची समजूत घालते. पण रोज हिरव्या गवताचा भारा घेऊन मी त्या गाभण गाईसमोरून जायचे. ती मान लांब करायची, आणि मी तिच्या तोंडावर चापट मारायचे. ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.