शिट्टी आणि सांधणी

तांडापेठेतली शामला मूळची कोष्ट्याची पोर. वीस वर्षं तिनं पॉवरलूमच्या शेडमध्ये काढली. तिथल्या खडखडाटात बाजूच्या बाईचं बोलणं तिच्या ओठांवरूनच समजून घ्यावं लागे. कानात कापूस घालायला कुणी सांगितलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. शेड बंद पडली तेव्हा ती बाबनरावांच्या हातमागांवर सांधणीला लागली. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभी सुतं, संपत आला की नव्याचं एकेक सूत जुन्याला पीळ देऊन जोडायचं, बोटांना राख लावून. हजारो सुतं, आणि प्रत्येक आपापल्या जागी. शामलाच्या हाताला तोड नव्हती, आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

पन्नाशी उलटली आणि उजव्या कानात शिट्टी सुरू झाली. लसणाचं तेल घालून झालं, दृष्ट काढून झाली, शिट्टी काही हटेना. दिवसा कशीबशी दबून राही. डोकं उशीला टेकलं की अशी चढे, की झोपेचं पार खोबरं. मग एकदा व्हायचं तेच झालं. जागरणानं पेंगुळलेल्या शामलानं काठाचं एक लाल सूत भलतीकडेच जोडलं आणि ताण्यावरच्या चारही लुगड्यांच्या अंगावर लाल रेघ उमटली.

बाबनराव तोंडाळ माणूस नव्हे, शिट्टीचंही त्यांना ठाऊक होतं. "शामलाबाई, पुढचा ताणा तुमालेच देतो. तोबी असाच झाला तं मंग दुसरी बाई पाहीन," एवढंच म्हणाले. तिला ते जोड्यानं मारल्यासारखं लागलं.

शहराबाहेर बेसाला राहणारी लेक कामिनी म्हणाली, "आई, चार दिवस माह्याकडे ये वं. इथं चिडीचूप राह्यते, झोप लागन तुले." मग मायलेकींनी मोठ्या उत्साहानं गाढवपणा केला. खिडक्या बंद, पंखा बंद, नातवंडांनाही धाक. त्या शांततेत शिट्टीला रान मोकळं मिळालं. चौथ्या सकाळी झोपेविना गळालेली शामला भिंत धरून चालू लागली, तेव्हा कामिनी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी तपासलं. इतक्या वर्षांच्या खडखडाटानं कानाचा आतला नाजूक भाग झिजलाय, म्हणाल्या. शिट्टी हमखास घालवील असं औषध नाही. मात्र शांतता शोधू नका. निजताना हलका आवाज चालू ठेवा, दुपारी झोपू नका, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ चुकवू नका.

"म्हंजे हे जलमभर?" शामलानं विचारलं.

"कदाचित. पण हळूहळू तिच्याकडे लक्ष जाणं कमी होईल."

बाहेरच्या बाकावर शामला ढसाढसा रडली. कामिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी शामलानंच पदरानं नाक पुसलं. "चाल, मले घरी सोड. तुह्या बेसात मी मरून जाईन."

घरी आल्यावर तिनं जुना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला. पहाटे पाचला उठायचं म्हणजे उठायचं. दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं आणि चारनंतरच्या चहावरही. चहाचं दुःख जास्त झालं. डुलकी आली की ती उठून अंगण झाडायची. शेजारची कांताबाई ओरडली, "कितीदा झाडतं वं? जमीन निंघून येईन ना!" पहिला पंधरवडा फुकट गेला. मग एका रात्री चार तास झोप लागली, मग दोन रात्री काहीच नाही, मग पाच तास. ती चिडली, पण पाच वाजता उठणं तिनं सोडलं नाही.

ताणा आला तेव्हा शामलानं आपला तोरा गुंडाळून ठेवला. आजवर तिनं सूत कधी मोजलं नव्हतं. आता पन्नास जोडून झाली की थांबायची, पुन्हा बोटांनी चाचपायची. काठाची सुतं आधीच वेगळी बांधून ठेवली. डोळे जड झाले की उठून तोंडावर पाणी मारायची. दोन दिवसांच्या कामाला चार लागले. बाबनराव येरझारा घालत होते, पण घाई करा म्हणाले नाहीत.

वीतभर कापड विणून झालं आणि ते मागावर वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. काठापासून काठापर्यंत बोट फिरवलं. कुठं रेघ नव्हती.

"शिट्टी गेली वाट्टे?" त्यांनी विचारलं.

"नाई जी, वाजूनच राह्यली," शामला बोटांची राख झटकत म्हणाली. "मीबी सांधूनच राह्यली. पुढचा ताणा कदी आणता?"